ठिपक्यांचा रुमाल

पोशाखाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याची अडचण इतर इतिहासकारांहून निराळी असते. भांडे फुटले तरी त्याचे खापर राहते, राज्य बुडाले तरी त्याचे नाणे शेतात सापडते. वस्त्राचे तसे नाही. ते अंगावर झिजते, धुण्यात विरते, आणि उरलेच तर लहान मुलाच्या झबल्यात, गोधडीच्या ठिगळात व शेवटी जमीन पुसण्याच्या फडक्यात त्याचा अंत होतो. संग्रहालयात जपून ठेवलेले असते ते बहुधा राजेरजवाड्यांचे किंवा लग्नसमारंभातले, म्हणजे आयुष्यात एकदोनदाच अंगावर चढलेले. रोज सकाळी कामावर जाताना, बाजारहाट करताना, आगगाडीची वाट पाहत फलाटावर उभी असताना माणसे काय नेसत, काय घालीत, केस कसे बांधीत, हे डोळ्यांपुढे जसेच्या तसे उभे करणारा साक्षीदार एकच, आणि तो म्हणजे छायाचित्र. १८३९ साली दागेर याची कृती जगापुढे आली, तेव्हापासून हा साक्षीदार बोलू लागला. अजून तो दोनशे वर्षांचाही झालेला नाही.

जुन्या काळच्या धाटणीचे कपडे शिवून ते हौसेने अंगावर घालणारा एक वर्ग युरोप-अमेरिकेत बरीच वर्षे आहे. १९४० च्या सुमाराचा झगा, त्या वेळची केसांची वळणे, तशीच टोपी, तसेच बूट, असा सारा थाट ही मंडळी कौतुकाने जमवीत असतात. एके काळी त्यांना आधार होता तो जुन्या फॅशनच्या मासिकांचा, शिंपीकामाच्या कागदी नमुन्यांचा आणि जुनेपाने विकणाऱ्या दुकानांचा. परंतु मासिकातील चित्रावर विसंबण्यात धोका असे. शिंप्याला काय विकावयाचे होते एवढेच ते चित्र सांगते. बाईने काय विकत घेतले, ते घरी आणून कुठे उसवले, कुठे आवळले, मोठ्या बहिणीचा झगा धाकटीला कसा बेतून दिला, हे ते सांगत नाही. ते सांगणारी छायाचित्रे सरकारी दप्तरखान्यांत आणि घरोघरच्या ट्रंकांत पडून होती. ती चारचौघांत आली इंटरनेटमुळे.

फ्लिकर नावाचे एक सार्वजनिक चित्रदालन २००४ साली कॅनडातील व्हँकूवर शहरी सुरू झाले. आपली छायाचित्रे तेथे मांडावयाची, दुसऱ्यांची पाहावयाची, त्यांवर चार शब्द लिहावयाचे, असा त्याचा साधा व्यवहार. जानेवारी २००८ मध्ये वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने या दालनात आपल्या संग्रहातील सुमारे तीन हजार छायाचित्रे मांडली आणि या उपक्रमाला नाव मिळाले 'द कॉमन्स'. कॉमन्स म्हणजे आपल्याकडचे गायरान. गावच्या कोणाही माणसाने आपले जनावर तेथे चरावयास सोडावे, कोणी हटकावयाचे नाही. गायरानात लोक आले आणि नुसते चरून गेले नाहीत, हे विशेष. कोणी चित्रातील रस्ता ओळखला, कोणी दुकानाच्या पाटीवरून गाव काढले, कोणी चुकलेले नाव दुरुस्त केले. ग्रंथालयाच्या तज्ज्ञांनी त्यांतले जे पारखून खरे ठरले ते स्वीकारले आणि पहिल्या वर्षभरातच आपल्या सूचीतील काही शेकडा नोंदी सुधारून घेतल्या. ज्ञानाच्या मक्तेदारीविषयी तावातावाने बोलणाऱ्यांनी या छोट्याशा व्यवहाराकडे अवश्य पाहावे.

त्या तीन हजारांत दोन संग्रह होते. एक १९१० च्या आसपासच्या वृत्तछायाचित्रांचा, काळापांढरा. दुसरा १९३९ ते १९४४ या काळातला, आणि तो रंगीत. जुन्या पोशाखांच्या शोधकांची झुंबड उडाली ती या दुसऱ्यावर, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. आजोबा-पणजोबांचा काळ काळापांढरा होता अशी मनाची एक नकळत समजूत झालेली असते. तेथे एकाएकी गर्द निळ्या झग्यातली, लालभडक ओठांची, हिरव्या रुमालात केस गुंडाळलेली बाई समोर उभी राहिली म्हणजे ऐंशी वर्षांचे अंतर क्षणात पुसले जाते.

रंगाचा प्रश्न वाटतो तितका वरवरचा नाही. एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रकाराची ओली काच निळ्या प्रकाशाला चटकन जागी होई आणि तांबड्या-पिवळ्याला जवळजवळ आंधळी असे. परिणामी निळे वस्त्र तिच्यावर पांढरे उमटे, तांबडे वस्त्र काळे. पुढे काचांत सुधारणा झाली, तरी विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बाजारात मिळणाऱ्या बहुतेक काचा तांबड्याला आंधळ्याच राहिल्या. याचा अर्थ असा की, त्या काळच्या चित्रात काळ्या वस्त्रात बसलेली स्त्री दिसली म्हणजे ती शोकात होती असे धरून चालता येत नाही. ती कदाचित लालचुटूक शालूत, लग्नाच्या पाटावरून उठून आलेली असेल.

या भ्रमाचे उदाहरण शोधावयास मुंबईबाहेर जाण्याचे कारण नाही. विल्यम जॉन्सन नावाचा कंपनी सरकारच्या नोकरीतला एक गृहस्थ मुंबईस छायाचित्रे घेई. १८५४ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीच्या आरंभीच्या सभासदांपैकी तो एक. मुंबईत राहणाऱ्या व येणाऱ्या नाना जातिजमातींच्या लोकांची त्याने घेतलेली चित्रे १८६३ व १८६६ साली दोन भागांत लंडनला पुस्तकरूपाने निघाली. त्यांत पागोट्यांचे घाट आहेत, लुगड्यांची नेसणी आहेत, अंगरख्यांचे बंद आहेत. पोशाखाच्या अभ्यासकाला ही पर्वणीच. मात्र माणसांमागे दिसणारी देवळे, वाडे व रस्ते हा सारा बनाव आहे. माणसांची चित्रे एकीकडे घेतली, ती कातरून निराळ्या जागेच्या चित्रावर बसविली, आणि जणू ती तेथेच उभी होती असे दाखविले. म्हणजे पागोटे खरे, पाठीमागचे देऊळ उसने, आणि लुगड्याचा काळा रंग काचेचा. साक्षीदार खोटे बोलत नाही. पण त्याला काय विचारावयाचे आणि काय विचारावयाचे नाही, हे वकिलाला कळले पाहिजे.

अमेरिकेत तर एका कुविख्यात दरोडेखोराचा हातच या साक्षीदाराने बदलला. 'बिली द किड' या नावाने प्रसिद्ध असलेल्या या तरुणाचे पत्र्यावर घेतलेले एक छायाचित्र आहे. पत्र्यावरचे चित्र आरशासारखे उलटे उमटते. त्यात पिस्तूल डाव्या कमरेला दिसले, आणि बिली डावखुरा होता असे पिढ्यान्पिढ्या लोक मानीत आले; १९५८ साली त्याच्यावर निघालेल्या चित्रपटाच्या नावातच 'डावखुरी बंदूक' होती. कोटाची गुंडी कोणत्या बाजूला, पदर कोणत्या खांद्यावर, एवढे ठरवितानासुद्धा चित्र काचेवरचे की पत्र्यावरचे हे आधी पाहावे लागते ते यामुळे.

असो. लायब्ररीच्या रंगीत चित्रांत अशी उलटापालट नव्हती आणि रंगही मानवी करामतीचे नव्हते. कोडॅक्रोम नावाची फिल्म १९३५ साली बाजारात आली. अंधारात नीट ठेवली तर तिचे रंग वर्षानुवर्षे विटत नाहीत. अमेरिकेच्या सरकारने मंदीच्या काळात शेतकऱ्यांची हलाखी देशापुढे मांडण्यासाठी रॉय स्ट्रायकर यांच्या हाताखाली काही छायाचित्रकार नेमले होते. त्यांनी दीड लाखांहून अधिक काळीपांढरी आणि सुमारे सोळाशे रंगीत चित्रे घेतली. युद्धात अमेरिका उतरल्यावर हे खाते १९४२ मध्ये युद्धविषयक माहितीच्या कचेरीत सामील करण्यात आले. येथेच शोधकाने थोडे थबकावयास हवे. पूर्वी जे कॅमेरे देशाचे दैन्य दाखवीत होते, त्यांनी आता देशाची उमेद दाखवावी अशी अपेक्षा होती. चित्रे कोणी घेतली याइतकेच ती कोणासाठी घेतली हे महत्त्वाचे असते.

आल्फ्रेड पामर हा या कामातला मोठा कसबी. ऑक्टोबर १९४२ मध्ये कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथील डग्लस विमान कारखान्यात त्याने काम करणाऱ्या स्त्रियांची चित्रे घेतली. बॉम्बफेकी विमानाच्या सांगाड्यात वाकून रिव्हेट बसविणाऱ्या, नाकावरची पारदर्शक तावदाने तपासणाऱ्या या स्त्रियांच्या चेहऱ्यांवर नाटकगृहात पाडावा तसा प्रकाश पाडलेला आहे. ओठ रंगविलेले, केस रुमालात नीट बसविलेले, आणि अनेकींच्या कपड्यांवर तेलाचा एक डागही नाही. आज 'चाळीसच्या दशकातील कामकरी स्त्रीचा पोशाख' म्हणून जो डौल लोक अंगावर मिरवितात, त्याचा मोठा भाग पामरच्या दिव्यांनी घडविलेला आहे. त्याच संग्रहात जॅक डेलानो याची चित्रे आहेत. एप्रिल १९४३ मध्ये आयोवा संस्थानातील क्लिंटन येथे रेल्वेच्या इंजिनांच्या कोठारात तो गेला. इंजिने पुसण्याचे काम करणाऱ्या स्त्रिया दुपारच्या सुटीत डबे उघडून बसल्या आहेत. त्यांच्याही डोक्याला रंगीबेरंगी रुमाल आहेत; पण कपड्यांवर काजळी आहे, आणि दमल्या शरीराने बाकावर टेकावे तशा त्या टेकल्या आहेत. दोन्ही चित्रे खरीच. दुसरे पाहिल्यावाचून पहिले पुरते कळत नाही, एवढेच.

आता हा रुमाल डोक्यावर आला कसा, हे पाहू. तो शोभेसाठी आलेला नव्हता. फिरत्या यंत्रात केसांची बट सापडली तर टाळूसकट सोलून निघते. कारखान्यांत तसे अपघात होत, आणि हजारोंच्या संख्येने नव्याने यंत्रावर उभ्या राहिलेल्या स्त्रियांना केस बांधावयास लावणे ही व्यवस्थापकांची डोकेदुखी होती. त्या वेळी व्हेरॉनिका लेक ही नटी एका डोळ्यावर ओघळणाऱ्या मोकळ्या केसांसाठी प्रसिद्ध होती आणि तिचे अनुकरण जिकडेतिकडे चाले. अखेर सरकारच्या सांगण्यावरून तिने केस वर बांधले आणि ते कसे बांधावेत हे वार्तापटातून स्त्रियांना दाखविले. फॅशनने निर्माण केलेले संकट फॅशनकरवीच निवारण्याची ही युक्ती मोठी मार्मिक म्हटली पाहिजे.

झग्याची गोष्टही अशीच आहे. त्या काळच्या चित्रांत अरुंद घेराचे, गुडघ्यापर्यंतचे, साध्या शिवणीचे स्कर्ट दिसतात आणि आजची शिवणारी स्त्री त्या 'सुटसुटीत रेषेचे' कौतुक करते. ही रेषा कातरली एका सरकारी हुकुमाने. एप्रिल १९४२ मध्ये वॉर प्रॉडक्शन बोर्डाने 'एल-८५' या क्रमांकाचा हुकूम काढला. स्कर्टची लांबी किती, घेर किती, खालची दुमड दोन इंचांहून अधिक नको, फुगीर बाह्या नकोत, अशी त्यात कलमे होती. लोकर, रेशीम, कापूस, सारे सैन्याकडे चालले होते. या हुकुमाच्या मसुद्यात डॅलस येथील प्रसिद्ध कपडेव्यापारी स्टॅन्ली मार्कस यांचा हात होता, आणि त्यांचे धोरण मुलखावेगळे होते. फॅशन आहे तेथेच गोठवावयाची, म्हणजे कोणाही स्त्रीला आपला कपाटातला जुना झगा जुना वाटणार नाही आणि नवा घ्यावासा वाटणार नाही! ज्यांचा सारा धंदा दरसाल जुने जुने ठरविण्यावर चालला त्यांनीच हा उपाय सुचवावा, यात काय ते समजावे. आज आठ दशकांनंतर शोधकांना त्या चित्रांत एक ठाम, ओळखू येणारी शैली सापडते तिचे श्रेय काही अंशी या गोठवणीकडे जाते.

पायमोज्यांचे तेच. नायलॉनचे पायमोजे मे १९४० मध्ये देशभर विक्रीस आले आणि त्यांच्यासाठी दुकानांपुढे रांगा लागल्या. १९४२ मध्ये तेच नायलॉन हवाई छत्र्या व दोर यांकडे वळविण्यात आले. मग स्त्रिया पोटरीवर पेन्सिलीने मागची शिवण रेखू लागल्या. इंग्लंडात तर १ जून १९४१ पासून कपड्याला शिधापत्रिका लागली, आणि पहिल्या वर्षी दर माणशी ६६ कूपने मिळाली. हे नियंत्रण १९४९ च्या मार्चपर्यंत टिकले. १९४७ च्या फेब्रुवारीत पॅरिसच्या क्रिस्तियाँ दियोर याने भरघोस घेराचे, पोटरीखाली उतरणारे झगे लोकांपुढे मांडले. काटकसरीने गांजलेल्या पुष्कळजणी त्यांवर लुब्ध झाल्या, पुष्कळजणी एवढ्या कापडाची नासाडी पाहून संतापल्या. पण तो निराळा अध्याय आहे.

कापडाच्या या टंचाईत एका वर्गाच्या कपड्यांनी रक्त सांडविले. लॉस एंजेलिसमधील मेक्सिकन वंशाच्या तरुणांत 'झूट सूट' नावाचा पोशाख रूढ होता. कोट गुडघ्यापर्यंत लांब, खांदे भरीव, विजार मांडीशी ऐसपैस आणि घोट्याशी आवळलेली. कापड वाचविण्याच्या हुकुमानंतर हा पोशाख म्हणजे देशद्रोह, असे लोक म्हणू लागले. जून १९४३ मध्ये खलाशी व शिपाई टोळ्यांनी रस्त्यांवर उतरले, अशा तरुणांना त्यांनी मारले, भर रस्त्यात त्यांचे कपडे उतरविले. आणि पोलिसांनी धरून नेले ते बहुतांशी मार खाणाऱ्यांनाच. त्या दिवसांतले एक छायाचित्र लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. लॉस एंजेलिसच्या तुरुंगाबाहेर, कोर्टात नेण्यासाठी, एकमेकांना साखळीने जखडलेले तरुण रांगेत उभे आहेत. कोटाची लांबी, विजारीची चूण, सारे त्यात स्पष्ट दिसते. झूट सूट कसा शिवावा हे शिकावयास याहून चांगले चित्र मिळणे कठीण, आणि तेच चित्र नुसते शिवण शिकण्यासाठी पाहवतही नाही.

आणखी एका चित्राविषयी सांगितले पाहिजे. फेब्रुवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी काढलेल्या आज्ञेनुसार अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या सुमारे एक लाख वीस हजार लोकांना घरेदारे सोडून छावण्यांत जावे लागले. डोरोथिया लँग ही श्रेष्ठ छायाचित्रकार या स्थलांतराची नोंद घेण्यासाठी सरकारनेच नेमली होती. तिने जे टिपले ते पाहून लष्कराने युद्ध संपेपर्यंत तिची चित्रे दडपून ठेवली. ८ मे १९४२ रोजी कॅलिफोर्नियातील हेवर्ड येथे तिने एक कुटुंब बसची वाट पाहताना टिपले. मंडळी आपल्या ठेवणीतल्या कपड्यांत आहेत. उत्तम बेताचे कोट, लहान मुलींच्या कॉलरी नीट बसविलेल्या. परक्या मुलखात जाताना माणूस चांगले कपडे घालून निघतो, तसेच तेही निघाले होते. आणि प्रत्येकाच्या कोटाच्या गुंडीला, त्या सामानाला असते तशी, ओळखीची चिठ्ठी लोंबते आहे. १९४२ सालचा मुलांचा कोट कसा होता याचा शोध घेणारी एखादी शिवणारी बाई हे चित्र उघडते तेव्हा कोटाच्या आधी तिला ती चिठ्ठी दिसते. तिच्यावाचून कोट समजून घेणे हा अपुरा अभ्यास होय.

चित्राबरोबर त्याची हकीकत मागावी, नाव, गाव, वर्ष मागावे, हा नेम म्हणूनच मोलाचा. मुंबईत अनुषा यादव यांनी २०१० साली सुरू केलेला 'इंडियन मेमरी प्रोजेक्ट' हा इंटरनेटवरील उपक्रम याच धोरणाने चालविलेला आहे. लोकांच्या घरची जुनी छायाचित्रे तेथे घेतली जातात, पण कोरी नव्हेत. चित्रातली माणसे कोण, ती कोठून आली, त्यांचे पुढे काय झाले, हे घरच्याच माणसाने सांगावयाचे. जेथे हकीकत चित्रापासून तुटते तेथे काय होते, हे पाहावयाचे असेल तर अमेरिकेतील ठिपक्यांच्या एका रुमालाची गोष्ट सांगितली पाहिजे.

निळा सदरा, वर सरकविलेली बाही, आवळलेली मूठ, आणि केसांवर लाल रंगाचा पांढऱ्या ठिपक्यांचा रुमाल. ज्यांनी अमेरिका पाहिलेली नाही त्यांनीही हे भित्तिपत्रक पाहिलेले असते. हावर्ड मिलर या चित्रकाराने ते वेस्टिंगहाउस कंपनीसाठी काढले. फेब्रुवारी १९४३ मध्ये ते त्या कंपनीच्या कारखान्यांत दोन आठवडे लागले, मग उतरले आणि विसरले गेले. युद्धकाळातील बहुसंख्य अमेरिकनांच्या ते दृष्टीसही पडले नव्हते. १९८० नंतर ते पुन्हा वर आले, स्त्रियांच्या चळवळीने ते उचलले, आणि पाहता पाहता साऱ्या युद्धकाळाचे प्रतीक होऊन बसले. जुन्या धाटणीची हौस असणारी बहुधा एकही स्त्री अशी नसेल की जिने तो रुमाल एकदा तरी डोक्याला बांधून पाहिला नाही.

मग साहजिकच शोध सुरू झाला, चित्रातली बाई कोण? युद्धकाळातले एक वृत्तछायाचित्र होते. लेथवर वाकलेली एक तरुणी, डोक्याला ठिपक्यांचा रुमाल. चित्र काळेपांढरे, लाल रंग भित्तिपत्रकातला, छायाचित्रातला रुमाल नुसता गडद आणि पांढरा. हे छायाचित्र नावाशिवाय फिरत होते. १९८० नंतरच्या दशकात मिशिगन संस्थानातील जेराल्डिन डॉइल या बाईंनी ते एका मासिकात पाहिले आणि ती तरुणी आपणच असे त्यांना वाटले. १९४२ साली त्याही काही दिवस कारखान्यात होत्या. पुढे १९९४ मध्ये ते भित्तिपत्रक एका मासिकाच्या मुखपृष्ठावर पाहून त्यांनी दोहोंची सांगड घातली. एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे की, यात लबाडी नव्हती. चाळीस वर्षांनंतर स्वतःच्या तारुण्यातला चेहरा ओळखताना कोणीही चुकावे. चूक केली ती विचारणा न करता छापणाऱ्यांनी. वर्तमानपत्रे, पुस्तके, प्रदर्शने, सर्वत्र डॉइल यांचे नाव लागले. २०१० च्या डिसेंबरात त्या वारल्या तेव्हा मृत्युलेखांतही तेच छापून आले.

खरी तरुणी होती नेओमी पार्कर. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरापलीकडे अलामीडा येथे नौदलाच्या विमानतळावर यंत्रशाळेत ती आणि तिची धाकटी बहीण एडा कामाला होत्या. तेव्हा नेओमीचे वय वीस. मार्च १९४२ मध्ये एका वृत्तसंस्थेचा छायाचित्रकार तेथे आला. त्याला हवा होता विषय असा की, यंत्रावर काम करणाऱ्या मुलींनी नखरा सोडून सुरक्षित कपडे कसे स्वीकारले आहेत. म्हणजे जे चित्र 'येथे फॅशन नाही' असे सांगण्यासाठी घेतले, तेच पुढे फॅशनचे मूळ मानले गेले! वर्तमानपत्रात ते छापून आले तेव्हा नेओमीने त्याचे कात्रण कापून ठेवले. युद्ध संपले, तिने हॉटेलात वाढपिणीचे काम केले, संसार केला. पुष्कळ वर्षांनी कॅलिफोर्नियातील रिचमंड येथे युद्धकाळच्या कामकरी स्त्रियांच्या स्मरणार्थ उभारलेल्या राष्ट्रीय उद्यानात ती बहिणीबरोबर एका मेळाव्याला गेली. तेथे भिंतीवर तिला आपले छायाचित्र दिसले. लेथ तीच, रुमाल तोच, खाली नाव मात्र दुसऱ्या बाईचे. तिने आपल्याजवळचे कात्रण पुढे केले. परंतु तोवर ते दुसरे नाव इतके रुजले होते की एका म्हातारीच्या कात्रणाने ते हलेना.

ते हलविले न्यू जर्सीतील सीटन हॉल विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स किंबल यांनी. २०१० पासून त्यांनी या एका चित्राचा पाठपुरावा चालविला. डॉइल यांचे नाव सर्वत्र आहे, पण त्याला पुरावा काय, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. आणि उत्तर प्रत्येक ठिकाणी एकच मिळे की, अमक्याने तसे म्हटले आहे. अखेरीस जुन्या छायाचित्रांच्या एका व्यापाऱ्याकडे त्यांना त्या चित्राची मूळ प्रत सापडली. वृत्तसंस्थेने चिकटविलेली टाइप केलेली चिठ्ठी तिला अजून तशीच होती. त्या चिठ्ठीत दिनांक होता २४ मार्च १९४२, स्थळ अलामीडा, आणि नाव नेओमी पार्कर. वर, ही सुंदर मुलगी आता आपले नाकच यंत्रात अडकवून घेते की काय, अशी त्या काळच्या पद्धतीची थट्टा. हे सारे कागदावर पहिल्या दिवसापासून होते. चित्राच्या नकला निघत गेल्या आणि चिठ्ठी मागे राहिली.

मिलरने भित्तिपत्रक काढताना हेच छायाचित्र समोर ठेवले होते असा लेखी पुरावा मिळालेला नाही, आणि किंबल यांनी तसा दावाही केला नाही. तारखा जुळतात, रुमाल जुळतो, इतकेच त्यांनी सांगितले. संशोधकाचा हा संयम हल्ली दुर्मिळ झाला आहे. परंतु छायाचित्रातली तरुणी कोण, याविषयी शंका उरली नाही. २०१५ साली ते नेओमींच्या घरी गेले. तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती आणि बहीण एडा त्यांच्याबरोबरच राहत होती. त्या वर्तमानपत्राचे कात्रण त्यांनी सत्तर वर्षांहून अधिक काळ जपले होते. किंबल यांचा लेख २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

नेओमी पार्कर फ्रेली जानेवारी २०१८ मध्ये वयाच्या ९६ व्या वर्षी वारल्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी देशोदेशीच्या वर्तमानपत्रांत त्यांच्यावर लेख आले. सोबत तेच छायाचित्र होते, लेथवर वाकलेल्या, ठिपक्यांचा रुमाल बांधलेल्या मुलीचे, आणि त्याच्याखाली तिचे नाव होते.